फाइल हाय की हितंच!

“सर, तुमची लायब्ररी हरवलीय म्हणं!”

पहाटे सव्वापाचला असा फोन आला की माणूस अंथरुणातच आठवायला लागतो, की आपण करवीर नगर वाचन मंदिरातून कुठलं पुस्तक आणलं होतं आणि ते पुढं कुणी ढापलं. ते वाचनालय १८५० सालचं. तेव्हापासून कोल्हापुरात लायब्ररी म्हटलं की पुस्तक, वर्गणी आणि दंड एवढंच डोळ्यांपुढं येतं. मी झोपेतच म्हणालो, “देतो की परत, दोन दिवसांत.”

पलीकडून किंकाळी आली, “दोन दिवस? आवो, भट्टी होल्डवर हाय!”

मग जागा झालो. फोन कागलच्या फाउंड्रीतून होता.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. कोल्हापुरातून बेंगळुरूच्या रस्त्यानं निघालं की गोकुळ शिरगाव मागं टाकून कागल येतं, आणि तिथं कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत आहे. असलेच तारे नागपूरकडच्या बुटीबोरीला आणि संभाजीनगरच्या शेंद्र्यालाही मिळालेले आहेत. हे तारे रस्ते, पाणी, वीज यांचे. त्यात हॉटेलचा संबंध नाही. माझा मेहुणा ‘फाइव्ह स्टारला चाललोय’ एवढंच ऐकून कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून एकदा माझ्याबरोबर आला होता. त्या शर्टाचं आता आमच्याकडं पायपुसणं आहे. फाउंड्रीची काळी वाळू कपड्यातून जात नाही, आणि कॉम्प्युटरच्या पंख्यातून तर नाहीच नाही.

आमच्या गोष्टीतला पहिला बळी याच वाळूचा. फाउंड्रीच्या लॅबमध्ये टेबलाखाली एक कॉम्प्युटर होता. २००६ साली मी त्यावर सी भाषेत एक प्रोग्रॅम लिहून दिला होता. भट्टीतला नमुना स्पेक्ट्रोमीटरवर ठेवला की कार्बन, सिलिकॉन, फॉस्फरस वगैरेंचे आकडे तारेतून कॉम्प्युटरकडं यायचे. प्रोग्रॅम कार्बनमध्ये सिलिकॉन-फॉस्फरसच्या बेरजेचा तिसरा हिस्सा मिळवायचा, ज्याला फाउंड्रीवाले कार्बन इक्विव्हॅलंट म्हणतात, आणि भट्टीवरचा हिरवा नाहीतर लाल दिवा लावायचा. हिरवा लागला की ओता. लाल लागला की मेस्त्रींच्या तोंडून जे बाहेर पडायचं ते कुठल्याही कंपायलरच्या एररपेक्षा स्पष्ट असायचं.

अठरा वर्षं हा प्रोग्रॅम कुणाच्या अध्यातमध्यात न येता चालला. त्या रात्री पंखा वाळूनं भरला, कॉम्प्युटर तापला आणि गेला. नाइट शिफ्टला मालकांचा भाचा होता. हा इंजिनिअर आहे आणि त्याला सगळं येतं. त्यानं अकाउंट्समधून रिटायर झालेला दुसरा कॉम्प्युटर आणला, माझा फोल्डर पेनड्राइव्हवरून त्यात टाकला आणि बटण दाबलं. पडद्यावर एक लांबलचक ओळ आली. भाच्यानं रिवाजाप्रमाणं तिचा फक्त शेवट वाचला : अशी फाइल किंवा असा फोल्डर नाही.

मी साडेसहाला पोचलो तर भाचा पडद्यावर बोट ठेवून उभा. “सर, फाइल हाय की हितंच! डोळ्यांम्होरं! यादीत दिसत्या, साइज दिसत्या, तारीख दिसत्या. आणि चालवायला गेलं की म्हणतंय फाइल नाही. भूतबाधा हाय ही.”

एवढ्यात एक हेल्पर धावत आला आणि त्यानं माझ्या हातात दहा इंची कानस ठेवली. शॉपमध्ये फाइल म्हणजे कानस. लॅबमध्ये फाइल सापडत नाही अशी बोंब झाल्यावर तो बिचारा टूलरूममधून घेऊन आला होता. “ही रफ हाय,” तो म्हणाला, “स्मूथ पायजे तर आणतो.” त्या दिवशी मला मिळालेली ही एकच फाइल नीट चालणारी होती.

फाइल समोर असताना ‘नाही’ म्हणणं ही युनिक्सच्या घराण्यातली जुनी खोड आहे. प्रोग्रॅम सुरू करताना सिस्टीम आधी त्या प्रोग्रॅमला लागणारा मुकादम शोधते. जो सगळ्या लायब्रऱ्या गोळा करून कामाला जुंपतो तो. माझा प्रोग्रॅम ३२ बिटांचा, त्याचा मुकादमही ३२ बिटांचा, आणि नवा कॉम्प्युटर पक्का ६४ बिटांचा. मुकादम सापडला नाही, म्हणून ‘फाइल नाही’. कुठली फाइल ते त्या ओळीच्या मधोमध लिहिलेलं असतं. पण एररची ओळ मधोमध वाचणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. मीसुद्धा आधी शेवटच वाचतो.

ठरवलं, प्रोग्रॅम नव्यानं कंपाइल करू. सोर्स माझ्या लॅपटॉपवर होताच. अकाउंट्सच्या त्या कॉम्प्युटरवर मात्र कंपायलरच नव्हता. त्यावर सेंटओएस ७ ही लिनक्स, जिचा आधार ३० जून २०२४ ला संपला. म्हणजे पूर्वी एक कमांड दिली की जिथून सामान उतरायचं ते दुकानच आता पत्त्यावर नव्हतं. असल्या वेळी मला सन कंपनीच्या सोलॅरिसची आठवण येते. आधीच्या सनओएसबरोबर सी कंपायलर मिळायचा. सोलॅरिस २ आली आणि कंपायलर वेगळा विकायला निघाला. कमांड मात्र जागेवर ठेवली होती. ती चालवली की ती नम्रपणे सांगायची, की हे ऐच्छिक पॅकेज बसवलेलं नाही. पाटी आहे, काउंटर आहे, काउंटरमागं माणूसही आहे, आणि तो फक्त ‘जेवण नाही’ एवढं सांगायच्या पगारावर आहे. त्या काळात लोक स्टॉलमनच्या फुकट जीसीसीकडं वळले यात नवल काय.

जीसीसी आणि टर्बो सी ही एकाच वर्षाची, १९८७ ची भावंडं. एक फुकट आणि एक विकाऊ. आमच्या पिढीच्या वाट्याला विकाऊ आलं, आणि तेही फुकटच वापरलं गेलं. कॉलेजात निळा पडदा, त्यावर पिवळी अक्षरं, नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’, आणि पडदा पुसायची ती कमांड. प्रोग्रॅम चुको की बरोबर येवो, पडदा आधी पुसायचा. शेणानं सारवल्याशिवाय रांगोळी काढत नाहीत तसं. पूर्णांकाची धाव ३२७६७ पर्यंत. पुढं मोजायला गेलं की आकडा खाली डोकं वर पाय करून उणे व्हायचा. ही पोरं नोकरीला लागून युनिक्सपुढं बसली की पहिला प्रश्न ठरलेला : पडदा पुसायची कमांड कुठं गेली?

जीसीसीचा स्वभाव जुन्या मेस्त्रीचा. ‘हितं चुकलंय’ म्हणून ओळीचा नंबर फेकणार आणि तंबाखू मळत बसणार. काय चुकलंय ते तुम्ही शोधा, त्याशिवाय काम कसं शिकणार? तरुणपणी तर तो खवचटही होता. त्याच्या १.१७ या आवृत्तीत अनोळखी प्रॅग्मा दिसला की कंपाइल करायचं सोडून तो सरळ कॉम्प्युटरवरचा गेम सुरू करायचा. ‘काय करायचं ते तू ठरव’ असं प्रमाणभाषेनं सांगितलं होतं ना, मग त्यानं ठरवलं. क्लँग २००७ साली चारचौघांत आला. त्याचं वागणं ऑडिटला आलेल्या कन्सल्टंटसारखं. चुकीच्या अक्षराखाली बरोबर बाण, रंगीत शाई, वर ‘तुम्हाला कार्बन म्हणायचं होतं का?’ अशी विचारणा. त्याची ऐट बघून मेस्त्रींनीही पुढं बाण मारायला सुरुवात केली. स्पर्धा माणसाला सभ्य करते, कंपायलरलाही. आणि फॅब्रिस बेलार्डचा टायनी सी म्हणजे तो पोऱ्या, जो तुमचं सांगून व्हायच्या आत साचा भरून मोकळा होतो. फिनिशिंगची अपेक्षा ठेवायची नाही.

तर लॅपटॉपवर मी मेस्त्रींकडून, म्हणजे जीसीसीकडून, प्रोग्रॅम ओतून घेतला, पेनड्राइव्हवर घातला आणि नव्या-जुन्या कॉम्प्युटरवर चालवला. आता तक्रार वेगळी आली : जीलिबसी या सीच्या मूळ लायब्ररीची २.३४ आवृत्ती सापडली नाही.

तोवर भट्टीवरचे मेस्त्री, खरे, हाडामासाचे, लॅबच्या दारात येऊन उभे होते. त्यांनी विचारलं, “सर, ह्यो लायब्ररीचा लफडा काय हाय नक्की?”

मी समजावू लागलो. प्रत्येक प्रोग्रॅमला काही कामं सारखीच लागतात; छापणं, बेरजा, मुळं काढणं, फाइल उघडणं. ही कामं प्रत्येकानं आपापल्या पोटात वागवण्यापेक्षा एका जागी ठेवायची आणि सगळ्यांनी तिथून करून घ्यायची.

“म्हंजे जॉबवर्कच की!”

मी गप्पच झालो. वीस वर्षांत मला इतकी चांगली व्याख्या सुचली नव्हती. कोल्हापूरचा कारखानदार सगळं आपल्या शेडमध्ये करतच नाही. पॅटर्न उद्यमनगरात, ओतकाम कागलला, मशिनिंग शिरोलीला, ग्राइंडिंग गोकुळ शिरगावला, आणि शेवटी एक टेम्पो हे सगळं जोडत हिंडतो. हा टेम्पो म्हणजेच तो मुकादम. यात खर्च वाचतो, जागा वाचते, ग्राइंडिंगवाल्यानं नवी मशीन घेतली की सगळ्यांचा माल सुधारतो. आणि ग्राइंडिंगवाला जोतिबाच्या यात्रेला गेला की सगळ्यांची बोंब होते. शेअर्ड लायब्ररीचं सुखदुःख यापलीकडं काही नाही.

“मग आता अडलंय कुठं?” मेस्त्री म्हणाले.

“जॉबवर्कवाला हाय, पण जुना हाय. आपण बोल्ट मेट्रिक आट्याचा आणलाय, त्याच्याकडं नट व्हिटवर्थचा.”

“दोन आटं बसत्यात आणि तिसऱ्याला अडतंय.”

“अगदी तसंच.”

वाईट एवढंच की जॉबवर्कवाल्याची पाटी बदललेली नसते. लिनक्सवरच्या सीच्या मूळ लायब्ररीच्या पाटीवर १९९७ पासून ‘सहा’ हाच आकडा आहे. पाटी म्हणजे नुसतं टोपणनाव. त्यामागं खरी आवृत्ती लपलेली, इथं २.१७, माझ्या लॅपटॉपवर २.३५. गावात सगळे ‘अण्णा’ म्हणून हाक मारतात, पण कोणत्या घरचे अण्णा त्यावर चहा मिळणार का दम, हे ठरतं. आणि २.३४ पासून प्रोग्रॅम सुरू करण्याच्या दाराचीच चौकट नवी झाली. त्यामुळं नुसता नमस्कार छापणारा प्रोग्रॅमसुद्धा नव्या घरी कंपाइल केला तर जुन्या घरी उंबऱ्याबाहेरच थांबतो.

पाटी तीच आणि आत कामाची रीत बदलली की काय होतं त्याचा नमुना २०१० साली फेडोरा १४ ही लिनक्स वापरणाऱ्यांनी ऐकला; अक्षरशः कानांनी. मेमरीतला मजकूर इकडून तिकडं हलवायचं एक साधं काम या लायब्ररीत आहे. त्याच्या माहितीपुस्तकात लिहिलेलं, की दोन्ही जागा एकमेकींवर चढलेल्या असतील तर हे वापरू नका. जुनी लायब्ररी पुढून माल उचलायची, त्यामुळं चढलेल्या असल्या तरी भागून जायचं. नवी मागून उचलायला लागली, आणि अ‍ॅडोबीच्या फ्लॅशमधला आवाज खरखरायला लागला. लायब्ररीवाले म्हणाले, फ्लॅशची चूक. लिनस टोरवाल्ड्स स्वतः खणत बसला, कारण सापडल्यावर म्हणाला, वापरणाऱ्याला काय त्याचं? दोघंही बरोबर. जॉबवर्कच्या भांडणात हे नेहमीच होतं आणि टेम्पोवाला उन्हात उभा राहतो.

उपाय मला माहीत होता, पण डोकं चालेना. मी म्हटलं, चहा घेऊन येतो. ही माझी त्या दिवसाची सगळ्यात मोठी चूक. बारा मिनिटं. तेवढ्यात भाच्यानं विचार केला, की २.३४ नाही ना, मग सरांच्या लॅपटॉपवरची आणू! त्यानं माझ्या लॅपटॉपमधली लायब्ररी पेनड्राइव्हवर घेतली, त्या कॉम्प्युटरच्या सिस्टीमच्या फोल्डरात नेऊन ठेवली, आणि ‘सहा’ नंबरची पाटी जुन्या दारावरून काढून नव्या दारावर ठोकली.

मी आलो तेव्हा भाचा घामाघूम. यादी बघायची कमांड चालेना. कॉपी चालेना. नाव बदलायची कमांड चालेना. बंद करायचीसुद्धा कमांड चालेना. कारण कॉम्प्युटरमधला जवळपास प्रत्येक प्रोग्रॅम त्याच एका जॉबवर्कवाल्याकडं जातो, आणि भाच्यानं त्याच्या गादीवर असा पाहुणा बसवला की ज्याचं मुकादमाशीच पटेना. पाटी परत जागेवर लावायला पाटी लावणारी कमांड पाहिजे, आणि ती कमांडही त्याच लायब्ररीवर. घराची चावी आत ठेवून कुलूप लावल्यासारखं.

“रीस्टार्ट करू?” भाच्याचा हात बटणाकडं गेला.

“हात लावलास तर भट्टीत घालीन,” मी म्हणालो. शॉपमध्ये राहून भाषा सुधारते.

नशीब एवढंच, की रूटची एक खिडकी उघडी होती. आधीपासून चालू असलेल्या प्रोग्रॅमनं जुनी लायब्ररी अगोदरच हातात धरलेली असते. त्याला पाटी बदलल्याचा पत्ता नसतो. त्या खिडकीत चालणाऱ्या शेलच्या स्वतःच्या खिशात थोड्या कमांडी असतात. यादी दिसेना तर ‘इको’ म्हणून नावं ओरडून घ्यायची. तशी घेतली. जुनी २.१७ जिवंत होती. आणि मग हाक मारली ‘एसएलएन’ला. ही कमांड वर्षानुवर्षं एका कोपऱ्यात पडून असते, कुणी विचारत नाही. ती पाटी लावायचंच काम करते, पण तिची हत्यारं तिच्या स्वतःच्या पिशवीत असतात. ती कुणाकडं जॉबवर्कला जात नाही. लायब्ररी मेली तर पाटी परत लावता यावी म्हणूनच तिला असं एकलकोंडं घडवलंय. एक ओळ मारली, पाटी जागेवर आली आणि अख्खं गाव पुन्हा बोलायला लागलं.

मग चालू प्रोग्रॅमच्या यादीत भाच्याला एक ओळ दिसली आणि तो पुन्हा घाबरला : झाँबी. हा युनिक्सचा निरुपद्रवी प्रकार. काम संपलेला प्रोसेस, ज्याच्या बापानं अजून त्याची विचारपूस केलेली नाही. पण मेस्त्री शांतपणे म्हणाले, “त्ये आमच्या कागलचंच हाय. आनंद यादव.” साहित्य अकादमी मिळालेलं पुस्तक आपल्याही कॉम्प्युटरमध्ये आहे याचं त्यांना समाधान वाटलं. मी ते मोडलं नाही.

या सगळ्यात भट्टीचं काय झालं? तेच सांगायचं राहिलं. मेस्त्रींनी माझी वाट पाहिलीच नव्हती. मी चहाला गेलो तेव्हा त्यांनी पाचरीच्या आकाराचा छोटा नमुना ओतला, थंड केला, घणानं मोडला आणि मोडलेल्या तोंडाकडं बघितलं. टोकाला पांढरी पट्टी किती खोल जाते त्यावरून लोखंड कसं आहे ते कळतं. पांढरं जास्त दिसलं. “सिलिकॉन टाका वाईच,” म्हणाले. टाकलं आणि ओतलं. नंतर स्पेक्ट्रोमीटरच्या कागदाशी ताडून पाहिलं, तर तेही तेच सांगत होतं. म्हणजे माझी लायब्ररी हरवली, सापडली, मेली आणि जगली, तोवर इकडं माल साच्यात पडला होता.

मग मीही धडा घेऊन प्रोग्रॅम स्टॅटिक करून आणला. सगळी हत्यारं पोटात. आधी काही किलोबाइटचा होता, आता शेकड्यांत गेला. पैलवानासारखा दिसायला लागला, पण कुणाच्या दारात उभं राहायला नको. चालला. हिरवा दिवा लागला. टाळ्या झाल्या. खात्री म्हणून जुन्या वहीतल्या हीटचे आकडे त्याला घातले, तर एक हीट, जी २००६ च्या प्रोग्रॅमनं पास केली होती, ती यानं नापास केली.

आकडे तेच. सूत्र तेच. सोर्समध्ये एका अक्षराचा फरक नाही. लॅपटॉपवर मी जीसीसी आणि क्लँग दोघांना शेजारी बसवलं. ६४ बिटांत दोघांचं एकमत, नापास. मग जीसीसीलाच ३२ बिटांत काम करायला लावलं. साधं कंपाइल केलं तर एक उत्तर, ऑप्टिमाइझ केलं तर दुसरं. एकच मेस्त्री, एकच ड्रॉइंग, आणि पगार वाढवला की माप बदलतं! कारण असं, की ३२ बिटांच्या जुन्या रीतीत हिशेब ८० बिटांच्या ऐसपैस कप्प्यात होतो, आणि मधेच आकडा मेमरीत ठेवला की तो कापला जाऊन ६४ बिटांचा होतो. कधी कापायचा हे कंपायलरच्या लहरीवर. जीसीसीच्या तक्रारवहीत २००० साली ३२३ नंबरची नोंद याचसाठी झाली, आणि त्यानंतर जगभरचे लोक तीच तक्रार पुन:पुन्हा नव्यानं लिहीत राहिले. प्रत्येकाला वाटायचं, हे आपल्यालाच पहिल्यांदा सापडलं. मलाही त्या सकाळी दहा मिनिटं तसंच वाटलं होतं.

मेस्त्रींना विचारलं, “मर्यादेला अगदी टेकलेली हीट. पास करायची का नाही?”

“फरक किती?”

“दशांशचिन्हानंतर पंधराव्या घरात.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग टेबलावर पडलेल्या कानशीकडं बघितलं. “सर, एक सूत म्हंजे इंचाचा आठवा भाग. त्याच्या खालचं आमी हातानं काढतो. पंधराव्या घरात जाऊन तुमी काय करत हुता?”

तुलना करायच्या आधी दोन घरांवर आकडा गोल करून घेतला. सगळे कंपायलर एकदम शहाण्यासारखे वागायला लागले.

बिलाच्या वेळी मालकांनी विचारलं, “सर, नेमकं काय केलं?” मी खरं सांगितलं : एक पाटी होती तिथं परत लावली, आणि एक आकडा गोल केला. मालकांनी बिलाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि त्यांनीही बिलाचा आकडा गोल केला. खालच्या बाजूनं.

त्यानंतर खंडेनवमी आली. शॉपमधल्या प्रत्येक मशीनला हळदकुंकू लागलं, घण, सांडशी, कानस, सगळी हत्यारं पाटावर मांडली गेली. लॅबमधल्या कॉम्प्युटरचाही मान राहिला. भाच्यानं स्वतः झेंडूचा भला मोठा हार घालून मला फोटो पाठवला. फोटो छान होता. हार बरोबर पंख्याच्या जाळीवर होता.

सव्वापाचला फोन आला.

“सर, लायब्ररी परत गेली वाटतं कुठंतरी!”

“हार काढा,” मी म्हणालो आणि कूस बदलली.